खाकी आहे, नोकरी नाही

 

आपल्या इतिहासाच्या तासासाठी मागच्या महिन्यात एक प्रश्न आला. विचारणारी होमगार्डमध्ये नाव घातलेली एक सून. तिच्या सासूबाई तिला म्हणतात, "पोलिसाची कापडं घालून जातेस, मग पोलिसाचा पगार का नाही? आणि पगार नाही, तर मग जातेस कशाला?" त्या मुलीनं आम्हाला विचारलं, "ताई, मी त्यांना काय सांगू?"

आम्ही आपसात बोललो, पुस्तकं काढली, कायदे वाचले. सासूबाईंचा प्रश्न साधा नाही. अर्धा वेळ पोलीस आणि उरलेला वेळ आपली शेती, आपलं दुकान, आपलं घर, असं काम माणसं कधीपासून करतात, कोण करतं, आणि त्याबद्दल त्यांना काय मिळतं, हे सगळं त्यात येतं. म्हणून आज थोडं लांबून सुरुवात करतो. भाकऱ्या थापता थापता ऐका.

पोलीस नावाचं खातं आपल्याकडं फार जुनं नाही. इंग्रजी अंमल बसण्याआधी गावाची राखण गावच करायचं. वर पाटील, आणि त्याच्या हाताखाली जागल्या, वेसकर, रामोशी. कुठं हे काम महारांकडं, कुठं रामोशांकडं, कुठं भिल्ल किंवा कोळ्यांकडं. रात्रीची गस्त घालायची, वेशीतून कोण आलं कोण गेलं ते ध्यानात ठेवायचं, चोरी झाली तर चोराचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की तो त्या गावाच्या हवाली करायचा. पुढं चोर सापडवायची जबाबदारी त्या गावावर. माग जिरला तिथं भरपाईचा तगादा. पावलाच्या ठशावरून माणूस ओळखणारे रामोशी होते, याचं इंग्रज अधिकाऱ्यांनाही नवल वाटे.

ऐकायला छान वाटतं. पण याला सेवा म्हणायचं का? आम्हाला नाही म्हणवत. सेवा आपण होऊन करतात. इथं जन्मानंच नेमणूक व्हायची. महार वतनदाराचं बघा. गस्त होतीच, शिवाय सरकारी कागद एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवणं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावणं, सारा भरायला लोकांना बोलावून आणणं, मेलेलं जनावर ओढणं. वेळ ठरलेली नाही. दिवस नाही, रात्र नाही. त्याबद्दल इनामाचा एक तुकडा, तोही भावाभावांत वाटून रुमालाएवढा झालेला, आणि गावानं सुगीत दिलं तर बलुतं. १८७४ च्या वतन कायद्यानं ही पद्धत पक्की करून ठेवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात हा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं. पाळीचा माणूस हजर नसला, तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामाला जुंपतात, म्हणजे सरकार एकाला पगार न देता सगळं घर राबवतं, हा त्यांचा मुद्दा होता. विधेयक तेव्हा पार पडलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची ही वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे आपल्या आजीच्या आठवणीतली गोष्ट आहे ही.

हे आधी सांगायचं कारण असं, की 'गावासाठी फुकट राखण' म्हटलं की आपल्याकडं कुणाला अभिमान वाटतो आणि कुणाच्या पोटात कालवतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आता जरा समुद्रापलीकडं जाऊ. आपल्या होमगार्डच्या कायद्याचे धागे तिकडून आलेत, म्हणून.

इंग्लंडमध्ये 'स्पेशल कॉन्स्टेबल' नावाची जुनी पद्धत आहे. दंगा होणार असं वाटलं, की मॅजिस्ट्रेट गावातल्या चार बऱ्या माणसांना शपथ देऊन तेवढ्यापुरते पोलीस करायचे. १८३१ च्या कायद्यानं तिला नीट रूप आलं. त्यातला सगळ्यात गाजलेला दिवस १० एप्रिल १८४८. मताचा हक्क मागणारे चार्टिस्ट लोक लंडनमध्ये मोठी सभा घेणार होते. सरकार घाबरलं आणि हजारोंच्या हजारोंनी स्पेशल कॉन्स्टेबल उभे केले. हाताला पट्टी, हातात दंडुका. त्यांत पुढं फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियनही होता, तेव्हा तो लंडनमध्ये परागंदा होऊन राहत होता. सभा शांतपणे पार पडली, दंगा झालाच नाही. पण ध्यानात घ्या, मताचा हक्क मागणाऱ्या कामगारांसमोर स्वयंसेवक म्हणून कोण उभं राहिलं होतं? बरेचसे ज्यांच्याकडं मत आणि मालमत्ता दोन्ही होतं ते. तेव्हा 'स्वयंसेवक पोलीस' ऐकलं, की तो कुणाचा आणि कुणासमोर, हे विचारायची सवय ठेवावी.

बायकांचं पाऊल यात पडलं ते १९१४ मध्ये. पहिलं महायुद्ध सुरू झालं, पुरुष आघाडीवर गेले, आणि सरकारनं स्पेशल कॉन्स्टेबल व्हा म्हणून हाक दिली. नीना बॉइल नावाची एक पत्रकार बाई होती, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी, त्यापायी तुरुंगात जाऊन आलेली. तिनं सांगितलं, आम्ही येतो. उत्तर आलं, बायका चालणार नाहीत. मग तिनं आपलं स्वतःचं दलच काढलं, महिला पोलीस स्वयंसेवकांचं. मार्गारेट डेमर डॉसन ही दुसरी एक बाई तिच्याबरोबर आली. घरची श्रीमंत, शिस्तीची, हाताखालच्यांना एका ओळीत उभं करणारी. गडद निळा गणवेश, डोक्यावर हॅट. अटकेचा अधिकार नाही, पगार नाही. स्टेशनवर उतरणाऱ्या पोरीबाळींना, बेल्जियमहून आलेल्या निर्वासित बायकांना दलालांच्या हाती पडू द्यायचं नाही, असं काम.

पुढं जे झालं ते आम्ही दोनदा वाचलं. ग्रँथम नावाचं एक गाव आहे, त्याच्या शेजारी लष्कराची मोठी छावणी पडली. गावात सैनिकच सैनिक. दारू आली, भानगडी आल्या. लष्करी अधिकाऱ्यानं त्यावर उपाय काय काढला? 'संशयित चालीच्या' बायकांनी संध्याकाळी आठनंतर सकाळपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. सैनिकांना तसं बंधन नाही, फक्त बायकांना. आणि त्या बायका घरात आहेत की नाहीत, हे रात्री दारं ठोठावून बघायचं काम दिलं या महिला स्वयंसेवकांना.

नीना बॉइल भडकली. ज्या बायकांना आधार द्यायला आपण वर्दी चढवली, त्यांच्यावरच पाळत ठेवायची? डेमर डॉसनचं म्हणणं वेगळं होतं. अशी कामं करूनच पोलीस खात्यात बायकांना जागा मिळेल, नाही म्हटलं तर दार कायमचं बंद. दलातल्या पन्नासेक जणींसमोर प्रश्न ठेवला गेला. दोघी सोडून बाकी सगळ्या डॉसनच्या बाजूला गेल्या. १९१५ च्या सुरुवातीला दल फुटलं. त्याच वर्षी त्याच ग्रँथममध्ये ईडिथ स्मिथ या सुईणीचं काम केलेल्या बाईला अटकेचा पूर्ण अधिकार असलेली पोलीस म्हणून नेमलं गेलं. त्या देशातली पहिली. आठवड्याचे सातही दिवस काम करून तिची तब्येत मोडली आणि १९१८ मध्ये तिनं राजीनामा दिला.

आमच्यात यावरून वाद झाला. एक म्हणाली, डॉसन व्यवहारी होती, म्हणून तर पुढं बायका पोलिसात आल्या. दुसरी म्हणाली, मग दार ठोठावलेल्या त्या बायकांचं काय? आम्हाला नीना बॉइलचं जास्त पटतं. अर्थात, निवाडा आपण घरात बसून करतोय, हेही खरं.

आता हिंदुस्थानात या. १८५७ नंतर इंग्रज सरकारनं १८६१ मध्ये पोलीस कायदा केला. मुंबई इलाख्यात पोलिसांचे कायदे वेगळे होते, पण या मोठ्या कायद्यातलं एक कलम सांगण्यासारखं आहे. दंगा झाला किंवा होण्याची भीती असली, तर मॅजिस्ट्रेटनं त्या भागातल्या रहिवाशांना 'विशेष पोलीस अधिकारी' नेमावं. आणि नेमलेल्यानं कारण नसताना नकार दिला, तर पन्नास रुपयांपर्यंत दंड. त्या काळचे पन्नास रुपये! बोलावणं सरकारचं आणि नाही म्हटलं तर खिशाला चाट. याचा वापर माणसाला खाली बघायला लावण्यासाठीही झाला. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्ध चळवळ पेटली, तेव्हा रंगपूरच्या पुढारी मंडळींनाच विशेष पोलीस नेमण्यात आलं. कालपर्यंत स्वदेशीच्या सभा घेणाऱ्या वकिलानं आज सरकारचा पट्टा बांधून आपल्याच माणसांना आवरावं, असा तो डाव.

'होमगार्ड' हे नाव मात्र दुसऱ्या महायुद्धातलं. आणि ते रेडिओतून जन्मलं, हे सांगायला आम्हाला आनंद वाटतो. १४ मे १९४० च्या संध्याकाळी ब्रिटनचा युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवर बोलला. जर्मन सैनिक विमानातून छत्र्या घेऊन उतरतील अशी धास्ती होती. सतरा ते पासष्ट वयाच्या पुरुषांनी आपापल्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं, पैसे मिळणार नाहीत, गणवेश आणि शस्त्र मिळेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय. आठवड्याभरात अडीच लाखांवर लोकांनी नावं दिली. आधी त्याचं नाव लांबलचक होतं, चर्चिलनं जुलैमध्ये ते 'होम गार्ड' असं सुटसुटीत केलं.

बायकांना इथंही नाहीच. ईडिथ समरस्किल ही डॉक्टर आणि खासदार बाई पार्लमेंटात पुन्हा पुन्हा विचारत राहिली, शत्रू उतरला तर तो काय फक्त पुरुषांच्या अंगणात उतरणार आहे का? तीन वर्षांनी, १९४३ मध्ये, बायकांना मदतनीस म्हणून घेतलं. टंकलेखन, स्वयंपाक, गाडी चालवणं. बंदूक नाही, गणवेशही नाही. काय दिलं म्हणाल, तर छातीवर लावायला एक प्लास्टिकचा बिल्ला.

ते दल १९४४ च्या डिसेंबरमध्ये मोडलं. दोनच वर्षांनी तेच नाव आपल्या मुंबईत उगवलं.

१९४६ साल मुंबईला फार वाईट गेलं. फेब्रुवारीत नौदलाच्या खलाशांचा उठाव झाला. रस्त्यांवर लष्कराच्या गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. एप्रिलमध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तल झाली आणि सप्टेंबर उजाडताच मुंबईतही भोसकाभोसकी सुरू झाली. अशा दंगलीत जमाव कमी आणि गल्लीच्या तोंडाशी एकट्यादुकट्याला गाठून चाकू मारणं जास्त. तिथं पोलिसांची गाडी पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. तिथं गल्लीतलाच, लोकांना तोंडओळख असलेला माणूस उभा पाहिजे. शिवाय इंग्रज जाणार हे दिसत होतं, आणि त्यांच्या पोलिसांवर लोकांचा विश्वास किती, ते फेब्रुवारीनं दाखवून दिलं होतं.

या सगळ्यातून ६ डिसेंबर १९४६ ला मुंबई प्रांतात होमगार्ड दल उभं राहिलं. देशातलं पहिलं. म्हणून दर ६ डिसेंबरला होमगार्ड दिन पाळतात. आपल्याकडं ६ डिसेंबर म्हटलं की महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात आणि बंदोबस्ताला हेच होमगार्ड उभे असतात. आपल्या स्थापनेचा दिवस ते असा उन्हात उभं राहून काढतात.

लगेच १९४७ मध्ये मुंबई होमगार्ड कायदा झाला. तो अजून महाराष्ट्रात चालू आहे, गुजरातमध्येही. कायदा छोटा आहे, पण सासूबाईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे, म्हणून जरा थांबून बघू.

पहिली गोष्ट, होमगार्ड ही स्वयंसेवकांची संघटना, असं कायदाच म्हणतो. नोकरांची नाही. दुसरी गोष्ट, बोलावणं आलं आणि कामावर हजर झालं, की होमगार्डला पोलीस अधिकाऱ्याचेच अधिकार आणि तसंच संरक्षण. म्हणजे वर्दीतल्या सुनेच्या अंगावर कुणी हात टाकला, तर तो सरकारी कामावरच्या माणसावर टाकलेला हात. तिसरी गोष्ट, काम संपलं की अधिकार संपला. घरी आल्यावर ती तुमच्याआमच्यासारखी. चौथी गोष्ट जरा टोचणारी आहे. बोलावल्यावर योग्य कारण नसताना गेलं नाही, किंवा हुकूम मोडला, तर शिक्षा होऊ शकते, दंडाची किंवा कैदेचीसुद्धा. नाव आपखुशीनं घालायचं, पण एकदा घातलं की नाही म्हणायची मोकळीक फार नाही. आणि एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. केवळ होमगार्ड आहे म्हणून निवडणुकीला उभं राहायला बंदी येत नाही. पोलिसाला नोकरी सोडल्याशिवाय उभं राहता येत नाही, होमगार्डला येतं. कारण तेच, ती नोकरी नाही.

हे सगळं १९४७ च्या माणसांच्या मनात कसं बसलं असेल, ते बघा. तेव्हाचा होमगार्ड म्हणजे दिवसा गिरणीत, पेढीवर किंवा शाळेत काम करणारा. पोट भरायचं साधन वेगळं. संध्याकाळी कवायत, दंगल झाली तर गस्त. त्याला पगाराचा प्रश्न पडत नव्हता, कारण पगार दुसरीकडून येत होता. 'निष्काम सेवा' हे दलाचं ब्रीद. गीतेतला विचार. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटणार हे नक्की, त्याला तो पेलायला सोपा.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं आणि होमगार्डचं देशभर रूप पालटलं. तोवर राज्याराज्यांत निरनिराळ्या नावांची स्वयंसेवक दलं होती. केंद्रानं सगळ्या राज्यांना सांगितलं, ही दलं एकत्र करून होमगार्ड नावाचं एकसारखं दल उभं करा. सीमेवरच्या राज्यांत तर सीमा सुरक्षा दलाच्या मदतीला होमगार्डच्या वेगळ्या तुकड्या झाल्या. आपल्याकडं त्यांच्या वाट्याला आलं ते सण, मेळे, पूर, आग, निवडणुका. आषाढी वारीला पंढरपुरात जाऊन आलेल्या बायकांना सांगायला नको. चंद्रभागेच्या वाळवंटात बायकांच्या गर्दीला वाट करून देणारी, हरवलेल्या म्हातारीचा हात धरून तिच्या दिंडीचा नंबर विचारणारी खाकीतली मुलगी पुष्कळदा होमगार्ड असते. लांबून बघणाऱ्याला पोलीस आणि होमगार्ड यांत फरक दिसत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळ्या झाडणाऱ्यांनाही तो दिसला नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्या रात्री जे वर्दीतले लोक मारले गेले, त्यांत एक होमगार्ड होता.

आता या गोष्टीची काळी बाजू. ती टाळली तर इतिहास पुरता होत नाही, आणि ती घडली आपल्या गडचिरोलीच्या अगदी शेजारी.

छत्तीसगडच्या बस्तर भागात २००५ पासून नक्षलवाद्यांविरुद्ध 'सलवा जुडूम' सुरू झालं. सरकारनं हजारो आदिवासी तरुणांना 'विशेष पोलीस अधिकारी' नेमलं. तेच १८६१ चं जुनं नाव, नव्या राज्याच्या नव्या कायद्यात. महिन्याला तीन हजार रुपये मानधन, जेमतेम दोन महिन्यांचं शिक्षण, पाचवी पास असलं तरी चालेल, आणि हातात बंदूक. ही पोरं जंगल ओळखतात, भाषा ओळखतात, माणसं ओळखतात, म्हणून ती हवी होती. त्यांनी आपल्याच पाड्यांवर जायचं. घरं जळली, गावं उठली, आणि ही पोरं दोन्हीकडून मारली गेली. दिल्लीतल्या प्राध्यापक नंदिनी सुंदर आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जुलै २०११ ला न्यायालयानं निकाल दिला, की अशा अर्धशिक्षित तरुणांना तुटपुंज्या पैशावर सशस्त्र लढाईत उतरवणं राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. त्यांच्याकडची हत्यारं काढून घ्या.

जागल्या आठवतोय? माग काढता येतो, म्हणून माग काढायला लावलेला.

होमगार्ड म्हणजे सलवा जुडूम नव्हे, दोन्ही एका तराजूत घालू नयेत. होमगार्डला कायदा आहे, शिक्षण आहे, वरचा अधिकारी आहे, आणि काम गर्दी आवरायचं आहे. पण गरीब माणसाला 'तू स्वयंसेवक' म्हणायचं आणि काम मात्र पूर्ण पोलिसाचं घ्यायचं, ही वाट कुठवर जाऊ शकते, ते बस्तरमध्ये दिसलं.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर न्यायालयातच गेलं होतं. हिमाचल प्रदेशातल्या होमगार्डांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. वीस वीस वर्षं आम्ही काम करतोय, आम्हाला नोकरीत कायम करा, ही मागणी. ११ मार्च २०१५ ला निकाल आला. कायम करता येणार नाही, कारण दल स्वयंसेवकांचं आहे आणि पगारी पदं नाहीत. पण कामाच्या दिवसाचा भत्ता असा द्या, की महिनाभराची बेरीज केली तर ती निदान पोलिसाच्या किमान पगाराइतकी व्हावी. म्हणजे नोकरी नाही, पण दिवसाची किंमत पोलिसाच्या दिवसाइतकी.

आपल्याकडं हा भत्ता बराच काळ दिवसाला ५७० रुपये होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो १,०८३ रुपये झाला. कवायतीचा, जेवणाचा भत्ताही वाढला. वाढ मोठी आहे, नाही म्हणता येणार नाही. पण यात 'दिवसाला' हा शब्द फार महत्त्वाचा. बोलावलं त्या दिवसाचे पैसे. गणपतीत, निवडणुकीत, वारीत बोलावणं येतं. बाकी महिन्यांत बंदोबस्त नसला तर काही नाही. आज नाव घालणाऱ्यांत पेढीवर बसणारे फारसे नाहीत. रोजानं जाणारे, शेतमजूर, शिकून घरी बसलेली पोरं आणि आपल्यासारख्या बायका आहेत. त्यांना हा भत्ता म्हणजे वरखर्चाला झालेली मदत नव्हे, तर घरात येणारा पैसाच आहे. १९४७ चा कायदा ज्या माणसासाठी लिहिला, तो माणूस आता रांगेत नाही, रांगेत दुसराच कुणी उभा आहे. आमच्या मते या सगळ्या भांडणाचं मूळ इथं आहे. तेव्हा सासूबाईंनी 'पगार का नाही' विचारलं तर सूनबाईनं रागावू नये. देशाच्या मोठ्या न्यायालयातही हाच प्रश्न विचारला गेला आहे.

'मग जातेस कशाला' याचं उत्तर आम्ही तिच्या वतीनं देणार नाही, ते तिचं तिनं द्यावं. एवढं मात्र सांगू, की नाव घातलेल्या बायकांना आम्ही विचारलं, तेव्हा पैशाच्या आधी दुसऱ्याच गोष्टी निघाल्या. ठाण्यात जायची भीती गेली. फौजदारासमोर खुर्चीवर बसून बोलता येतं. एक म्हणाली, तक्रार कशी लिहून घेतात ते बघितलं, आता गल्लीतली कुठलीही बाई तक्रार द्यायला निघाली की मला सोबत नेते. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

जाता जाता पोलीस पाटलाबद्दल. वंशपरंपरेचा पाटील गेला आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्यानं नेमणुकीचा पोलीस पाटील आला. हेही अर्धवेळ कामच. स्वतःची शेती किंवा गावातला धंदा करायला हरकत नाही, बाहेर पूर्ण वेळाची नोकरी चालत नाही. गावातल्या गुन्ह्याची, बेवारस प्रेताची, भांडणाच्या वासाचीही खबर ठाण्याला द्यायची. मानधन २०२४ मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये महिना झालं. होमगार्डच्या मानानं यात महिन्याची खात्री आहे. नेमणूक प्रांतसाहेब करतात, आणि बायकांसाठी राखीव जागा असतात. ज्या गावात पूर्वी पाटलिणीला वाड्याबाहेर बसता येत नव्हतं, तिथं आता पोलीस पाटील बाई पंचनाम्यावर सही करते. पोलीस पाटील आणि दारूबंदी यावर वेगळा कार्यक्रम करू, कारण त्याबद्दल तुमचे बरेच फोन येतात.

आता ज्यांना होमगार्डमध्ये नाव घालायचं आहे त्यांनी वही घ्या. वय वीस ते पन्नास, शिक्षण दहावी पास, राहणं त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. बायकांना उंची दीडशे सेंटिमीटर, धावणं आठशे मीटर, आणि गोळाफेक. पुरुषांना धावणं दुप्पट, सोळाशे मीटर. एका वेळची नेमणूक तीन वर्षांची, पुढं वाढवता येते. भरती जिल्ह्याची निघते, अटी जाहिरातीत वाचून घ्या, बदललेल्या असू शकतात. आठशे मीटर म्हणजे शाळेच्या मैदानाचे साधारण चार फेरे, मैदान दोनशे मीटरचं असलं तर. साडी नेसून पळायची सवय असली तरी सरावाला पायात बूट घाला. आणि पहाटे एकटीनं जाऊ नका, चौघी मिळून जा.